वखारवाल्याचा निम्मा वाटा

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

परसातलं जुनं झाड वाऱ्याने आडवं झालं. पाच ओंडके निघाले. आपल्या जिन्याच्या नऊ पायऱ्या कुजल्यात हे तुला ठाऊक आहे. एक पायरी पायाखाली मोडल्यापासून आईने चार महिन्यांत खाली पाऊल टाकलेलं नाही. खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवते.

वखारवाल्याशी बोलले. पैसे नकोत म्हणाला. सगळे ओंडके कापून जेवढ्या फळ्या पडतील, त्यातल्या निम्म्या त्याच्या, निम्म्या आपल्या. मी हो म्हटलं. तू नाक मुरडशील, ते मुरडून झालं की पत्र टाक.

तुझी खुशाली कळव, म्हणजे आईची कटकट थांबेल.
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निम्म्या! झाड आपलं आणि करवत फिरवायचे निम्मे? अगं, त्या भुसा खाणाऱ्या माणसाला फळ्या मोजायला बसवलंस तर साली तुझ्या आणि गाभा त्याचा. तुझा भोळेपणा मला लहानपणापासून महाग पडत आला आहे.

रविवारी येतो. कापण्याआधीच अख्ख्या ओंडक्यांची वाटणी करू. तीन आपले, दोन त्याचे, आणि निवडणार मी. असल्या लोकांना कसं सरळ करायचं ते बघ जरा.

आईला नमस्कार. तू रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
धाकटा

ता. २६ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

बघितलं. तू तीन जाडजूड ओंडके निवडलेस. वखारवाला म्हणत होता की आधी ठोकून आवाज ऐका. त्यावर, तुझं काम करवत फिरवायचं, अक्कल शिकवायचं नाही, असं त्याला चार गिऱ्हाइकांदेखत सुनावलंस आणि गाडी पकडून गेलास.

काल कापले. तिन्ही आतून पोकळ. तुझ्या निवडीतून दोन पोती भुगा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या निघाल्या. त्याच्या वाकड्या, बारक्या ओंडक्यांतून बावीस फळ्या निघाल्या, एकीलाही गाठ नाही. मी मान खाली घालून उभी होते. तो हसला असता तर बरं वाटलं असतं. त्याने नुसतं तुझ्या ढिगाकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

आईचं सांगितलं. तो म्हणाला, सगळं एकत्र करून आधी ठरलं तसं निम्मं-निम्मं करायला तयार आहे. अट एकच. तुझ्या भावाने मला स्वतःच्या हाताने पत्र लिहून विचारावं.

तेव्हा, शहाण्या, लेखणी उचल. आई वर आहे.
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चिठ्ठी सोबत आहे. तीन फाडल्या, ही चौथी. त्या माणसाला ‘आदरणीय’ लिहिताना माझे दात दुखले. त्याला वाटत असेल मोठा पराक्रम केला. लाकूड कापणारा तो लाकूड कापणाराच राहणार.

पण ठोकून बघायला हवं होतं, हे लिहिलं आहे. तू वाचू नकोस.

आईला काही सांगू नकोस. बाकी तुझं प्रेम आहे तेवढं राहू दे, जास्तीचं मागायचं तोंड नाही.
धाकटा

ता. २१ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

वाचली. ओळीओळीतून हेकटपणा गळतो आहे, पण खाली सही तुझीच. वखारवाल्याने ती उभ्यानेच वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला की अक्षर चांगलं आहे. बाकी तुझ्याबद्दल त्याचं मत बदललेलं दिसलं नाही. माझंही नाही.

अकरा फळ्या मोजून दिल्या. नऊ पायऱ्यांना लागल्या, दोन उरल्या. सुताराने काल काम संपवलं. आज सकाळी आई कठडा धरून एकेक पायरी उतरली, मी खालून हात पुढे करून उभी. अंगणात दहा पावलं चालली, नळाखाली पाय धुतले, शेजारणीला तिच्या वाळत घातलेल्या चादरींबद्दल दोन शब्द ऐकवले.

मग खालच्या माझ्या खोलीत जाऊन माझ्या पलंगावर आडवी झाली. म्हणते, आता काही झालं तरी मी वर जायची नाही.

तेव्हा वरची खोली रिकामी आहे. सुट्टी काढून ये. जिना भक्कम आहे.

वाट पाहणारी,
ताई