गाठीपर्यंतची धग

आई, तुला जाऊन दहा वर्षं होतील. आज प्रयोगशाळेत सरांनी सगळ्यांसमोर मला गप्प बसायला सांगितलं आणि मी बसले नाही, ते तुला सांगायचंय.

मी बारावीत होते. तू स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला जायचीस, गोडदेवच्या खोलीवर परतायचीस तेव्हा नखांत काळं असायचं. मग मानेत गाठ निघाली. रेडिएशनच्या जोडीला डॉक्टरांनी यंत्राचा शेक सुरू केला. गाठ तापली की रेडिएशन तिला लवकर मारतं, म्हणाले. दुसऱ्या शेकाला मानेवर फोड आले. तिसऱ्या वेळी तू चप्पल घालून उंबऱ्यातच बसून राहिलीस. मी तुला अडाणी म्हटलं, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का, विचारलं. तू आवाज न चढवता म्हणालीस, "कातडी जळतीय माझी. गाठ थंडच हाय. त्यांना सांग जा." मी सांगितलं नाही, आणि शेक तिथेच सुटला. दिवाळीच्या आधीच तू गेलीस.

आता मी प्रयोगशाळेत लोखंडाचे कण बनवते, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारे. त्यांना नॅनो कण म्हणतात. पाण्यात ते काळ्या शाईसारखे दिसतात. ते गाठीत सोडायचे आणि भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणाक्षणाला दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र द्यायचं. मग धग आतून निघते. आज बैठकीत आमचे प्रमुख सर म्हणाले, रसायनवाल्यांनी रसायन बघावं, कॅन्सर डॉक्टरांवर सोडावा. मी डब्यातून मटणाचा तुकडा काढला. सकाळी नया नगरातल्या खाटकाला "बीच का दो, चरबी नहीं चाहिए" सांगून घेतलेला. मधोमध सुईने काळं पाणी सोडलं, वेटोळ्यात ठेवला. थोड्या वेळाने आत खोचलेल्या तापमापकाचा आकडा बेचाळीस अंशांच्या वर गेला. वरून हात लावून बघा, मी सरांना म्हणाले. त्यांनी लावला. "थंड आहे," म्हणाले. मी म्हणाले, "माझ्या आईने हेच मागितलं होतं."  उद्या ते काम बंद करा म्हणाले तरी मी थांबणार नाही.

यातून अजून एकही माणूस बरा झालेला नाही, आई. मटणाला दुखत नाही, हेही मला कळतं. हे पत्र कुठे टाकणार, पण एक लिहून ठेवते. तू उंबऱ्यात बसलीस तेव्हा मी तोंडाने भांडत होते आणि आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. शेकाच्या खोलीच्या दाराबाहेरून तुझं कण्हणं पुन्हा ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.