दुकानाच्या नावाची करवत

३ मार्च
विहिरीवर दोन घागरींसाठी सकाळ गेली. घरी आले तर सासरे वळचणीत हात घालून चाचपडत होते. मोतीबिंदूनं दिसत न्हाई, पण जागा पाठ. गंजलेली करवत काढली, मूठ फुटलेली. "सुमन, पात्यावर नाव लागतंय का बघ." पदरानं पुसलं. दुकानाचं नाव गेलेलं, खाली 'हैदराबाद' तेवढं लागलं.

६ मार्च, रविवार
हे लातूरहून आले. जिल्हा झाल्यापासून तिकडं हापिसांची दारं-खिडक्या करून राहिलेत. इकडं चाकूरकडं दुष्काळात कोण दार करतंय.
करवत बघून हसले. "कंपनीची न्हाई ही. दुकानदारानं कुणाचाबी माल घेऊन आपलं नाव ठोकलंय. भंगारात घाल."
सासरे म्हणाले, "नाव ठोकायच्या आधी तो पातं वाजवून घ्यायचा. माझ्यासमोर एक परत केलं त्यानं."
ह्यांनी पिशवी उचलली. दुपारच्या एस्टीनं गेले.

७ मार्च
सासऱ्यांना विचारलंच. "मामा, खरंच ठेवण्यासारखी हाय का?" त्यांनी मला पातं वाकवायला लावलं, पार कमान होईस्तोवर. भीतीच वाटली. सोडलं तर सरळ! टिचकी मारली, आवाज लई वेळ घुमला. मुठीजवळचे दोन दात गेलेत. "तिथनं कोण कापतंय," म्हणाले.
रॉकेल, विटेचा भुगा. कोपरापर्यंत काळी झाले. गंजाखाली निळसर पोलाद. काय देखणं...

११ मार्च
करवतीचे दात घासतोय दोघं. कानस मी धरते, मामा ऐकतात. "थांब. हा हलका गेला." दिसत न्हाई तरी! मुद्दाम एकदा जोर कमी केला. ओळखलंच. "सासऱ्याची परीक्षा घेतीस व्हय?" दोघंबी हसलो. सासूबाई गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

१६ मार्च
बाभळीची नवी मूठ. तासून तासून माझ्याच हाताच्या मापाची झाली. मामांनी धरून बघितली, परत माझ्या हातात दिली.

१७ मार्च
आज फळी कापली. आधी अडली, मग जी चालली! रेघ सोडली न्हाई. शाळेचे गुरुजी जाता जाता थांबले. "मुलं खाली बसतात, बाक मोडलेत. धाकटे सुतार कधी येतील?"
"मी करीन," तोंडातून गेलंच.
मला वाटलं मामा रागवतील. ते म्हणाले, "करील ती."

२० मार्च, रविवार
ह्यांनी करवत फळीवर घातली. परत घातली. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "धार कुणी लावली?"
"मला कुठं दिसतंय? तिनं लावली," मामा म्हणाले.
हे माझ्याकडं बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी...
मग म्हणाले, "माझी लातूरला वाकडी झाली. ही नेतो."
मी बाकांचं सांगितलं. "बाक काय, नंतर होतील."
मामा म्हणाले, "करवत तिची हाय. तिला इचार."


२१ मार्च
उजाडलंय. हे पिशवी भरून ओट्यावर बसलेत, करवत मांडीवर. एकेका दातावरून बोट फिरवतायत. मी चहा ठेवलाय. दोनदा माझ्याकडं बघितलं. अजून इचारलं न्हाई.