चोरी पचली, फिर्यादी मिळेना

प्रिय विहीणबाईंना सप्रेम नमस्कार,

तब्येत कशी आहे, हे समोर बसूनच विचारायचं होतं. पण तुम्ही फोन उचलत नाही आणि दार वाजवलं तर आतून ‘मी झोपलेय’ म्हणता (झोपलेलं माणूस इतकं खणखणीत बोलतं, हे मला तुमच्यामुळे कळलं). म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. व्याही गेल्यापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तुमची लेक रोज मला फोन करून विचारते आणि मी ‘बऱ्या आहेत हो’ असं ठोकून देते. खोटं बोलायची सवय अशीच लागते आणि मग माणूस कुठवर जातं, ते पुढे वाचा. माझी तब्येत उत्तम. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच कटकट्या. बाकी विशेष म्हणजे, मी गुन्हेगार झाले आहे.

झालं असं की आपल्या नातीला हल्ली चोर-पोलिसांच्या गोष्टींचं वेड लागलंय. परक्या मुलखात राहून पोरीचं मराठी ‘आजी, बाय’ एवढंच उरलंय, आणि माझं इंग्रजी खाण्यापिण्यापुरतं. ती फोनवर गोष्ट सांगते, मी ‘येस, येस’ करते. परवा एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा खून झाला तेव्हा मी ‘व्हेरी गुड’ म्हणाले. मग पोरगी विचारते, दुसरी आजी कुठाय, ती का फोन घेत नाही? याचं उत्तर तर मला मराठीतही देता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. वर्गात एक न्हावी, एक नर्स आणि मी. शिकवणाऱ्या बाई तुमच्या लेकीच्या वयाच्या, पण दरारा असा की न्हावी खिशातून कंगवा काढायलाही परवानगी मागतो.

या महिन्यात गुन्ह्यांची क्रियापदं चालू आहेत. इंग्रजी क्रियापद एकटं असतं तोवर गरीब गाय असतं, मागे एक इवलंसं शेपूट लागलं की थेट तुरुंगात जातं. ‘ब्रेक’ म्हणजे नुसतं मोडणं, पण ‘ब्रेक इन’ म्हणजे घरफोडी. ‘होल्ड अप’ म्हणजे बंदूक रोखून लुटणं. ‘मेक ऑफ विथ’ म्हणजे वस्तू घेऊन पसार होणं, आणि ‘गेट अवे विथ’ म्हणजे एवढं करून सहीसलामत सुटणं. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे हात मारतात, डल्ला मारतात, लंपास करतात आणि वर पचवतातसुद्धा. त्या म्हणाल्या, इंग्रजीत सांगा. मी बसले खाली.

बाईंचं म्हणणं असं की क्रिया केल्याशिवाय क्रियापद अंगी लागत नाही. म्हणून गृहपाठ काय, तर आपल्या जवळच्या माणसाची एखादी वस्तू चोरायची, आणि ज्याची चोरी झाली त्याने वर्गात येऊन तावातावाने फिर्याद द्यायची. न्हाव्याने भावाचा आरसा पळवला. भाऊ असा काही भांडला की खालून इस्त्रीवाला वर आला. नर्सने सासूचा चष्मा उचलला, तर सासूबाईंना पायऱ्या दिसेनात, त्यांना हात धरून आणावं लागलं.

मी मात्र भर दुपारी एका इमारतीत शिरले आणि जिन्यात, एका बंद दाराशी ठेवलेली घडीची खुर्ची उचलली. रखवालदाराने अडवलं. म्हटलं, संपलं. तर तो म्हणाला, ‘आजी, जड आहे, द्या इकडे,’ आणि बसथांब्यापर्यंत स्वतः घेऊन आला. बसमध्ये जागा नव्हती, तेव्हा मी मधल्या जागेत खुर्ची उघडून बसले. कंडक्टरने डोळे वटारले, पण गुडघ्याकडे बघून पुढे गेला.

घरी आल्यावर मन खाऊ लागलं. पुढचं क्रियापद होतं ‘टर्न युवरसेल्फ इन’, म्हणजे स्वतःहून हजर होणं. गेले खुर्चीसकट चौकीत. हवालदार म्हणाला, ‘फिर्यादी कुठाय? कुणाची तक्रारच नाही, तर लिहू काय?’ मग तो खुर्चीत टेकून बघत म्हणाला, ‘अशाच खुर्चीत आमचे वडील बसायचे,’ आणि बराच वेळ उठलाच नाही. चहा पाजून मला घरी पाठवलं. याला इंग्रजीत ‘लेट ऑफ’ म्हणतात.

चोरी पचली की मजा वाटत असेल, असं मला वाटायचं. काही नाही हो. पायरीवर पाऊल वाजलं की वाटतं, आलं कुणीतरी भांडायला. दार उघडावं तर शेजारीण विरजण मागायला आलेली असते. वर्गात सगळ्यांचे फिर्यादी येऊन ओरडून गेले, मी एकटी खुर्ची घेऊन बसते.

असो. लोभ आहेच, वाढवायचा तर दार उघडावं लागेल.

आपली,
विहीण (मुलाकडची, तरीही नम्र)

ता. क. : खुर्ची तुमचीच आहे. संध्याकाळी व्याही ज्या खुर्चीत बसून जिन्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्पांसाठी अडवायचे, तीच. मला वाटलं होतं, दुसऱ्याच दिवशी तुम्ही पदर खोचून माझ्या दारात उभ्या राहाल. मी चहाचं आधणही टाकलं होतं. एवढे दिवस झाले आणि खुर्ची गेल्याचं तुम्हाला कळलंसुद्धा नाही, म्हणजे तुम्ही दार उघडलंच नाही, हे लक्षात आलं तेव्हा मी त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून रडले.

आणखी एक : वर्ग गुरुवारी संध्याकाळी. इंग्रजीची काळजी नको, मराठीत हवं ते बोला, मी शब्द न गाळता भाषांतर करीन. नात फोनवर ऐकणार आहे. तिला सांगून ठेवलंय की दुसरी आजी एका चोराच्या मागावर आहे, म्हणून फोन घेत नाही.

शेवटचं : तुम्ही आला नाहीत, तर मी सुटले. मला सुटायचं नाहीये, विहीणबाई. मला पकडायला या.