जीनाच्या आजीचं हजेरीतलं नाव

३ फेब्रु.
ॲन आर्बर गोठलंय. सायकल बर्फात गाडलेली, बस चुकली, पायीच डिपार्टमेंटला.
प्रोफेसरबाई माझा चॅप्टर वाचून म्हणाल्या, "कल्याणी, सगळं आहे गं, पण यात माणूस कुठाय?" जपानी अमलातल्या कोरियन शाळा हा माझा विषय. पुण्यात आयटीतल्या नोकरीसाठी जपानी शिकले, भलतीकडेच येऊन पोचले, तीन वर्षं मायक्रोफिल्मवर डोळे फोडले. आणि आता म्हणे माणूस!
मग जीनाकडे वळून, "युअर ग्रँडमदर इज अ ट्रेझर." जीना डिपार्टमेंटात माझ्याच खोलीत बसते, माझ्यासारखीच याच विषयावर पीएचडी करते. कोरियन घरातली, जन्म इथला, अमेरिकेतला. आजी त्र्याण्णव वर्षांची, त्याच शाळांत शिकलेली. हिला आजी, मला मायक्रोफिल्म. लेखनासाठीची फेलोशिप एकच, अर्ज ६ मार्चपर्यंत.
जळतेय मी. इथे तरी खोटं कशाला लिहू.

९ फेब्रु.
आजी जीनाला काही सांगतच नाही! शाळा म्हटलं की "विसरले". जीना रडवेली झाली होती. मी तोंडाने "अरेरे", आत आनंदाच्या उकळ्या.
वाईट आहे मी. असू दे.

१२ फेब्रु.
जीनाने आजीचा शाळेतला वर्गाचा फोटो आणला. मागे पेन्सिलने मुलींची नावं, जपानी हस्ताक्षरात. "तूच वाच, माझं जपानी छापील अक्षरापुरतं." वाचून दाखवलं. सगळी नावं जपानी. तेव्हा कोरियन घरांना तशी घ्यायला लावली होती.
यातलं आजीचं नाव कुठलं? जीनाला माहीत नाही. तिच्या आईलाही नाही. ते नाव घरात कधी कुणी उच्चारलंच नाही.
२२ला जेवायला बोलावलंय, कोरियन नव्या वर्षाचं. आजीला फोटो दाखवायचा.

१५ फेब्रु.
आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुलाही होती की आजी. कधी विचारलंस तिला काही?"
विचारलं होतं. लोणच्यात मीठ किती घालायचं ते. चिडून फोन ठेवला.

२२ फेब्रु.
तांदळाच्या चकत्यांचं सूप, माझ्यासाठी वेगळं, बिनमांसाचं. जीनाने आजीला पार जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. मीही केला. आजी बोळक्या तोंडाने हसली, गोड आहे.
मग फोटो. आणि माझी हौस बघा! आपलं जपानी किती स्वच्छ ते दाखवायला खड्या आवाजात, हजेरी घेतात तशी, एकेक नाव वाचत सुटले. सातवं नाव, कानेमोतो हानाको.
"हाइ!"
जपानीत 'हजर'! आजी उभी. काठीशिवाय. हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. जीनाची आई किंचाळलीच. आजी माझ्याकडे बघून जपानीत एक वाक्य बोलली आणि बसली.
"काय म्हणाली?" जीनाने विचारलं.
"काही नाही. हजर म्हणाली."
का बोलले मी असं?

२३ फेब्रु.
वाक्य लिहून ठेवते. "गुरुजी, आज मी एकदाही कोरियन बोलले नाही."
शाळेत कोरियन बोललं की शिक्षा. हा नियम मायक्रोफिल्मवर कितीदा वाचला असेल. घ्या, मिळाला माणूस. चॅप्टर या वाक्यानेच सुरू होणार. माझा चॅप्टर.

२ मार्च
जीना कॉफी ओतता ओतता म्हणाली, "आय ॲम सो जेलस ऑफ यू. तिच्या मांडीवर वाढले मी. आणि ती उभी राहिली तुझ्यासाठी."
हेच ऐकायचं होतं ना मला? कॉफी तशीच टेबलावर सोडून आले.

५ मार्च
सकाळी जीनाचा फोन. त्या रविवारपासून आजी कमी कमी बोलत होती. परवापासून कोरियन बंदच. भूक लागली का विचारलं तर नुसती मान हलवते, नाहीतर तेच एक जपानी वाक्य. जीनाची आई रडत बसलीय. "तू ये. तिला काय हवंय ते तुलाच कळेल. न्यायला येतेय."
काय करून बसले मी. हजेरी घेतली आणि शाळा सुटली हे सांगितलंच नाही. आजी अजून वर्गात बसलीय.
जपानीत सांगता येईल मला. शाळा सुटली, घरी जा, आता हवं ते बोल. पण मग जीना विचारणार, ती रोज काय म्हणत होती. काय सांगू?
अर्ज उद्या द्यायचाय. लॅपटॉपवर उघडाच आहे, पहिली ओळ आजीची. अजून पाठवलेला नाही.
खाली जीनाचा हॉर्न. दुसऱ्यांदा वाजवतेय. बूट घातलेत, निघते.