अक्षताचा सामना आणि डब्बा टीव्ही

दिंडोशी, ६ जानेवारी २०२४

ती. धाकूदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पत्र. बातमी अशी की आपली अक्षता टीव्हीवर दिसणार! जळगावला कबड्डीचे सामने आहेत, आमच्या मुंबई उपनगरच्या मुलींचा सामना वीस तारखेला संध्याकाळी पाचला. त्या वेळी मी मरोळला कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. रजा मागितली, नाही म्हणाले. दादा, शाळेपासून आजवर पोरीचा एकही सामना मला बघता आलेला नाही.

म्हणून रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स घेतला. छत्री बसवायला आलेला माणूस आपला टीव्ही बघून हसला. म्हणाला, ताई, हा डब्बा, याला ही केबल लागणारच नाही, नवा घ्या. तू दिलेला टीव्ही, रंग अजून झकास आहेत, का म्हणून टाकू? पण ती चपट्या तोंडाची केबल खरंच कुठे बसत नाही. तू तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेस, तूच सांग ना काय करू.

उत्तराची वाट बघते. माया आहेच.
तुझी सुलक्षणा


कुडाळ, ११ जानेवारी

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

गो बाय, पत्र दोनदा वाचलं. कान गेले, दुकान बंद केलं, त्यानंतर चार वर्षांत टीव्हीबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं.

ती चपटी केबल ठेवून दे. बॉक्सच्या मागे तीन गोल भोकं असतील, पिवळं, पांढरं, लाल. तुझ्या टीव्हीला दोनच आहेत, मला पाठ आहे. तीन रंगांची वायर बाजारात मिळते. पिवळी पिवळ्यात, ती चित्राची. पांढरी पांढऱ्यात, ती आवाजाची. टीव्हीच्या बाजूची लाल तशीच लोंबू दे. मग टीव्हीवरचं चॅनेलचं बटण दाबत एकच्याही मागे जा, ‘एव्ही’ अशी अक्षरं आली की थांब.

टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होतं, बॉक्सचं भिंतीवरचं बटण मात्र चालू हवं. तू घरातलं एकूण एक बटण बंद करून कुलूप लावणारी, म्हणून मुद्दाम लिहितो.

पोरीला माझा आशीर्वाद सांग आणि मला कळव.
धाकू


दिंडोशी, २१ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चित्र आलं, सामना रेकॉर्ड झाला, अक्षताचा संघ दोन गुणांनी जिंकला, आणि तरी मी रडकुंडीला आले आहे. पडद्यावर दोन्ही बाजू कापल्या जातात. आमचे एकतीस गुण, पण तीनचा आकडा कडेला कापला जातो, दिसतो नुसता एक. शेवटच्या मिनिटाला अक्षताने चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरला, त्यावरच सामना फिरला, असं ती फोनवर सांगते. पण ते झालं मागच्या रेषेजवळ, आणि तिथे आपला टीव्ही संपतो. मला तिचा फक्त हात दिसला. रेकॉर्डिंगच असं झालं असेल तर सगळी वाट लागली.

लगेच लिही.
सुलक्षणा


कुडाळ, २५ जानेवारी

चि. सुलक्षणास आशीर्वाद.

घाबरू नको, काही हरवलेलं नाही. हल्लीचं चित्र लांबट, तुझा पडदा जवळजवळ चौकोनी, म्हणून बॉक्स कडा कापून दाखवतो. साठवलंय मात्र पूर्ण. मी इथल्या नव्या दुकानात कागद-पेन्सिल घेऊन गेलो, त्यांच्याकडून सगळं लिहून घेतलं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलता येतो. एकेक करून बघ. वर-खाली काळी पट्टी येईल तो तुझा. चित्र लहान होईल, पण पोर पूर्ण दिसेल.

तब्येत सांभाळ.
धाकू


दिंडोशी, ३० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिसली रे, पूर्ण दिसली! ती खाली वाकली, समोरच्या मुलीचा पाय मागे आला, आणि हिने दोन्ही हातांनी घोटा असा धरला की ती मुलगी जागची हलली नाही. पाच वेळा मागे नेऊन बघितलं. अक्षता जळगावहून येऊन शेजारीच बसली होती. सहाव्यांदा मागे नेलं तेव्हा माझा हात धरून म्हणाली, “आई, आता पुढचं बघ, तिथे मी तुला शोधतेय.” पुढे बघितलं, तर जिंकल्यावर सगळ्या मुली घरच्यांकडे धावताहेत, आणि ही एकटी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतेय. मला, दादा. मी बॉक्स लावून गेले आहे हे तिला ठाऊक होतं.

लोक कानाशी ओरडतात म्हणून तू मुंबईला यायचं सोडलंस. इथे कोणी ओरडणार नाही. ये ना.

वाट बघणारी,
सुलक्षणा


कुडाळ, ३ फेब्रुवारी

चि. सुलक्षणास आशीर्वाद.

शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं. पंचाची शिट्टी मला ऐकू येणार नाही, पण त्याचा हात वर गेलेला दिसतो, तेवढ्यावर सामना कळतो. मी येईपर्यंत बॉक्समधलं काही पुसू नका.

धाकू