टाकीवर सहा पदरी जाळी

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. खोकला गेला का? नसेल गेला तर ते गार पाणी पिणं बंद कर. तू चौथीत होतास तेव्हापासून सांगतेय, अजून डोक्यात शिरत नाही. इकडे सगळे ठीक. ह्यांचा गुडघा ठीक, पोरगी ठीक, शिलाई मशीन ठीक. पत्र लिहायचं कारण तुझी ती खाऱ्या पाण्याची टाकी. फोनवर तू दर वाक्याला "ताई, ऐक ना" करतोस आणि माझं बोलणं राहून जातं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप. शुद्धलेखन बघू नकोस.

तर, परवा तू पोरीला कळवलंस की पोवळी पांढरी पडताहेत (तू कोरल म्हणतोस, मी पोवळीच म्हणणार), ताईला हे झेपत नाही, रविवारी माझा मित्र येऊन टाकी घेऊन जाईल. मला नाही कळवलंस, पोरीला कळवलंस. घाबरट कुठला. टाकी इथून हलणार नाही. नखाएवढ्या तुकड्यापासून नऊ वर्षं वाढवलेलं तुझं ते जांभळं पोवळं या अवस्थेत बादलीत घालून तीन जिने उतरवलं तर खाली पोचेपर्यंत खलास. हे माझं नाही, शोभेचे मासे विकणाऱ्या त्या मासेवाल्याचं म्हणणं आहे.

आता पहिल्यापासून. टाकी माझ्या भरवशावर सोडून तू परगावी गेलास, पंधरा दिवस सगळं सुरळीत. पाणी आटलं की घालत होते, माशांना चिमूटभर खाणं टाकत होते, दिवा आपला आपण लागायचा, आपला आपण विझायचा. मग जांभळं फिकं व्हायला लागलं आणि बघता बघता धुतलेल्या अस्तरासारखं दिसायला लागलं. मी हातातला ब्लाऊज टाकून मासेवाल्याकडे गेले (तोच, तीन गिऱ्हाइकांशी एकदम बोलतो आणि एकाच्याही तोंडाकडे बघत नाही). तो म्हणाला, पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि तेच पोसतं. उजेड एकदम वाढला की ते सोडून जातं. पोवळं मरत नाही लगेच, पण उपाशी राहतं, आणि उपाशी किती दिवस राहणार? उजेड निम्मा करा, मग थोडा थोडा चढवा, मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून होतं. अ‍ॅप तुझ्या मोबाइलात, मोबाइल तुझ्या खिशात, खिसा तिकडे.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. पडद्यांची उरलेली पांढरी जाळी होती. ह्यांनी एका जुन्या फोटोची चौकट काढून दिली (फोटो ह्यांच्या काकांचा, काका सध्या कपाटामागे आहेत). तिच्यावर जाळीचे सहा पदर ताणून बसवले आणि दिव्याच्या खाली, टाकीच्या काठावर ठेवली. दर चार दिवसांनी एक पदर काढायचा, म्हणजे उजेड बेताबेताने चढेल. कुठल्या कापडातून किती उजेड येतो हे मला कुणी शिकवायला नको, पडदे शिवण्यात जन्म गेलाय.

तिसऱ्या दिवशी बघते तर उजेड पहिल्यासारखा! वाटलं जाळी ताणून विरळ झाली. आणखी दोन पदर घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख. आठ पदरांतून असा उजेड येतो, म्हणजे माल खोटा, म्हणून कापडवाल्याला फोन करून त्याची सात पिढ्यांची चौकशी केली. बिचारा शपथा घेत बसला. मग वायरमन बोलावला. तो वर बघून म्हणाला, दिवा एकदम फर्स्टक्लास आहे, पण वहिनी, त्याला मच्छरदाणी कशाला बांधलीत? तेव्हा पोरगी जेवता जेवता, मानही वर न करता म्हणाली, मामा कॅमेऱ्यातून बघतो ना, टाकी काळोखी दिसली की तिकडून अ‍ॅपवर दिव्याचे टक्के वाढवतो.

म्हणजे मी इकडे झाकतेय, तू तिकडे उघडतोयस, आणि मधल्या मधे पोवळ्याची दोन सासवांच्या हाताखालच्या सुनेसारखी गत. आणि कॅमेरा लावलाय हे मला सांगायची रीत नाही? रोज सकाळी मी त्या टाकीपुढे उभी राहून वेणी घालते! पहिल्यांदा उजेड वाढला तोही तुझ्यामुळेच असणार. नाही म्हणू नकोस, तुझे हात लहानपणापासून गप्प राहत नाहीत. माझा रेडिओ कोणी उघडला होता?

तेव्हा नीट वाच. तू गेलास तेव्हा दिवा जसा होता तसा कर आणि ते अ‍ॅप पुसून टाक. आठावरून मी पुन्हा सहा पदरांवर आलेय. कुठला पदर कधी काढायचा ते भिंतीवर शिलाईच्या खडूने लिहिलंय. काल चष्मा लावून पाहिलं, जांभळ्याच्या बुडाशी रंगाची कड आलीय, दोऱ्याएवढी. दोरा सापडला की पुढचं मला जमतं. मित्राला सांग, येऊ नकोस.

तुझी,
ताई

ता.क. पाकीट चिकटवायच्या आतच तुझा मित्र दोन बादल्या आणि दोर घेऊन हजर. त्याला चौकट उचलून ती कड दाखवली. तासभर बसला, चहा प्याला, एक पदर काढताना चौकट धरली आणि रिकाम्या बादल्या घेऊन गेला. त्याच्यावर चिडू नकोस, समजूतदार आहे.

ता.क. दुसरा. वर "जसा होता तसा कर" लिहिलंय ते खोडलं असं समज. तू गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी त्या दिव्याची काच उतरवून घासणीने घासली होती. उडालेल्या पाण्याच्या मिठाचा दोन वर्षांचा पांढरा थर होता, माझ्याच्याने बघवेना. अगदी आरशासारखी निघाली. उजेड तेव्हाच वाढला असणार, तू हात लावायच्या कितीतरी आधी. मासेवाल्याने दोनदा विचारलं होतं, दिव्याला काही केलंत का, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. आज जाऊन खरं सांगितलं, तेव्हा मेला पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलला. काच आता स्वच्छ आहे, म्हणून दिवा आधीच्यापेक्षा पाव हिश्श्याने कमीच ठेवायचा, नाहीतर शेवटचा पदर काढला की सगळं मुसळ केरात. तेवढं पत्र मिळाल्या मिळाल्या कर. आणि फोन केलास तर ह्यांच्यापुढे काच हा शब्द काढू नकोस. सगळा दोष तुझा आहे असं मी घरात पटवून दिलंय, ते तसंच राहू दे.