सासूबाई गाडीत आहेत

४ जुलै
बाबांच्या खडकावर जायचंच, आणि नोएलीनला घेऊनच. लग्नानंतर तिथल्या पाणवठ्यावर बाबांनी मोठ्याने हाक मारून आमच्या मुलखाला, तिथल्या पूर्वजांना सांगितलं होतं, ही आमची सून, ओळख ठेवा. तिथे उभी राहिली की तिला सगळं आठवेल आणि ती घरी येईल. मागच्या जुलैतल्या थंडीपासून ती तिच्या आईकडे आहे. हवापालट.

५ जुलै
माझी गाडी अजून चाकांविना विटांवर. किंग्सलीकाकांची टोयोटा शुक्रवारी खडकावर जातेय. काका म्हणाले, "जागा आहे रे, पण तुझी सासू येतेय." झालं! जावयाने सासूकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका गाडीत बसायचं तर नाहीच. मी त्यांचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. रीत म्हणजे रीत.

७ जुलै, दुपार
दुकानात त्या दिसल्या. मी तडक पिठाच्या पोत्यांमागे. त्याही वळल्या असणार. मी कशाला बघतोय? फार बरं वाटलं. सासू तोंड चुकवते तोवर माझं जावईपण शाबूत आहे.

८ जुलै
टोयोटा गेली. मी झाडाआडून पाहिली. आत बसलेल्या नोएलीनने हात केला नाही. झाडाआडचा माणूस तिला दिसणार कसा?
संध्याकाळी चहाचे दोन कप भरले. सवय. दुसऱ्याला कुत्र्यानेही तोंड लावलं नाही. घर फार शांत आहे.

१२ जुलै
नामी युक्ती! पुढच्या खेपेला मी टोयोटाच्या मागच्या उघड्या हौद्यात, डोक्यावरून ब्लँकेट. काका हसून हसून खोकले. म्हणाले, "बापाच्या खडकावर पोतं होऊन जाणार होय रे?" मग माझ्याकडे बघत राहिले. युक्ती पसंत पडलेली दिसते.

१५ जुलै
काकांच्या अंगणात लेरॉय आला. पोरांना फुटबॉल शिकवतो, शिट्टी गळ्यातून काढत नाही. तो येताच सासूबाई डोक्यावर शाल ओढून भिंतीकडे वळल्या, असं बायका सांगत होत्या. हसतही होत्या. मी तेव्हा रस्त्यावरच होतो. इतक्या लांबूनही माझी चाहूल लागली! मान ठेवतात हो बाई.

१९ जुलै
सकाळी काकांचा निरोप: चल, खडकावर जातोय, पुढेच बस. ब्लँकेट घेऊन धावलो. दार उघडलं तर आत सासूबाई. मी तोंड फिरवून पळणार, तर त्या सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस की रे, दार लाव. थंडी येतेय." शेजाऱ्याशी बोलावं तितकं गोड.
मागे हौद्यात नोएलीन होती. तिच्या शेजारी कोणीतरी डोक्यावरून ब्लँकेट घेऊन बसलं होतं. खाली फुटबॉलचे बूट.
मी बसलो. वाटेत सासूबाईंनी निखाऱ्यावरच्या रोटीचा तुकडा हातावर ठेवला. खाल्ला.
पाणवठ्यावर हाक मीच मारली. मुलूख माझ्या बापाचा. माझं नाव सांगितलं. पुढे "आमची सून" म्हणायचं होतं, ते म्हटलंच नाही. रडू आलं. सगळे खडकाकडे बघत राहिले.
येताना सासूबाईंना माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोप लागली. मी घरापर्यंत हललो नाही.
नाव लिहायला आता हरकत नाही. डोरीन.